सावकाश बसणे

तापाने मी अंथरूण धरले आणि पुढचे जवळजवळ तीन आठवडे ते सुटले नाही. ताप उतरला, खोकला थांबला, तपासण्यांचे आकडे ताळ्यावर आले, आणि आता आपण बऱ्या झालो अशा समजुतीने एका सकाळी मी पलंगावरून उठू गेले, तेव्हा गुडघे असे लटपटले की पलंगाची कड धरून पुन्हा बसावे लागले. ‘पायांत त्राण नाही’ हे शब्द मी आयुष्यभर सहज वापरत आले होते; त्यांचा अर्थ त्या सकाळी समजला.

दुखणे छातीचे आणि शिक्षा पायांना का, हे कोडे मला बरेच दिवस सुटत नव्हते. खरे तर त्यात कोडे असे काही नाही. मांडीचा पुढचा भाग, नितंब आणि पोटऱ्या इथले स्नायू आपण नुसते उभे असलो तरी शरीराचा भार पेलत असतात, आणि आडवे झाल्याबरोबर त्यांचे हे काम पूर्ण थांबते. रिकाम्या बसलेल्या स्नायूला शरीर फार काळ पोसत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतला सुमारे १ किलो ऐवज, मुख्यतः स्नायूंचा, नाहीसा झाला. ही धडधाकट माणसे होती. तापाने आधीच पोखरलेल्या शरीराचा हिशेब मग मी मांडायलाच गेले नाही.

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट बाई घरी आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीतून वजने किंवा रबरी पट्टे निघतील अशी माझी कल्पना होती. त्यांनी मागितली ती फक्त एक खुर्ची, बिनचाकांची आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवलेली. तिच्यावर दोन जाड उशा रचून त्यांनी बैठक उंच केली, मला आधार देऊन तिच्यापुढे उभे केले आणि म्हणाल्या, “उठण्याचं नंतर बघू. आधी बसा बरं.” मी बसले. उशांतून हवा निघाल्याचा आणि लाकूड कुरकुरल्याचा मोठा आवाज झाला. स्वयंपाकघरातून मुलीने विचारले, “आई, पडलीस का गं?” बाई शांतपणे म्हणाल्या, “पडल्याच त्या. खुर्ची मध्ये आली म्हणून वाचल्या.”

बसणे म्हणजे विश्रांती, त्यात शिकण्यासारखे काय असणार, असे मलाही वाटत होते. पण दोर हातातून थोडा थोडा सोडत घागर विहिरीत उतरवणे आणि दोर सोडून देणे यांत जो फरक आहे, तोच सावकाश बसणे आणि धपकन बसणे यांत आहे. सावकाश बसताना मांडीचा स्नायू लांबत जातो आणि लांबता लांबताच भार धरून ठेवतो. गंमत अशी की आखडताना स्नायू जेवढा भार उचलू शकतो, त्याहून जास्त भार तो असा लांबताना पेलू शकतो, आणि तेही कमी दमून. म्हणून ज्याला अजून उठता येत नाही, त्यालाही बसण्याचा सराव करता येतो. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्याही मुख्यतः याच उतरण्यामुळे. ही गोष्ट बाईंनी मला आधी सांगितली असती तर बरे झाले असते.

उठण्याची युक्तीही निराळीच निघाली. मी पाठ ताठ ठेवून सरळ वर उठू पाहत होते. ते कोणालाच जमणार नाही, कारण शरीराचा भार पावलांच्या मागे राहतो. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची आणि नाक चवड्यांच्या वर येईपर्यंत पुढे वाकायचे. मग बूड जवळजवळ आपोआप सुटते.

सकाळी पाच, संध्याकाळी पाच. शाळेत शिक्षा म्हणून काढलेल्या उठाबशा याहून पुष्कळ जास्त होत्या, आणि त्या काढून आम्ही लगेच खेळायला पळत असू. पलंगावर करायचे किरकोळ प्रकारही होते. गुडघ्याखाली घडी घातलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबायचा, घोटे वर-खाली हलवायचे; पुढे टेबल धरून टाचा उचलणे आले. पोटरी आखडते तेव्हा पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते, म्हणून झोपून उठल्यावर मिनिटभर कडेला बसून घोटे हलवले की घेरी कमी येते. एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली, तर मात्र व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवायचे, अशी बाईंची सक्त ताकीद होती.

माझे लक्ष बहुतेक वेळ गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला असलेल्या थेंबाच्या आकाराच्या स्नायूकडे असे. बसता बसता अर्ध्या वाटेवर तो उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखा थडथडू लागे आणि नेमक्या त्याच जागी माझा धीर सुटून मी उशांवर आदळे. दोन आठवड्यांनी एक उशी निघाली, तेव्हा मी हौसेने मांडीला टेप लावला, तर माप पूर्वीइतकेच! हे असेच होते म्हणे. सुरुवातीला वाढलेली ताकद बरीचशी मज्जातंतूंची असते. असलेल्याच स्नायूला अधिक चांगले कामाला लावायला ते शिकतात. मांडी भरायला त्यानंतर आणखी आठवडे जावे लागतात.

या सगळ्या दिवसांत माझी प्रगती मुलीला न बघताच कळत होती, कारण प्रत्येक खेपेला खुर्ची बोलायची. दुसरी उशी निघाल्यावर काही दिवसांनी, संध्याकाळची पाचवी खेप संपवून मी खुर्चीत बसून राहिले होते. बराच वेळ गेल्यावर मुलगी हात पुसत दाराशी आली.

“बसलीस होय! मला वाटलं, तू अजून उभीच आहेस.”