डेल्व्ह

पुतण्याचा मेसेज दुपारी अडीचला आला, म्हणजे माझ्या वामकुक्षीच्या ऐन मध्यात. ‘काका, बाहेरच्या एका विद्यापीठात अर्ज करतोय. पत्र बघून द्या ना, इंग्रजी बरं आहे का.’ तीस-बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं की ही शिक्षा जन्मभर पुरते. चष्मा शोधला, वाचायला लागलो, आणि तिसऱ्याच ओळीत डेल्व्ह आडवा आला. चिरंजीवांना इतिहासात डेल्व्ह करायचं होतं, म्हणजे खोलात शिरायचं होतं.

शब्द वाईट नाही. पण तो कुणाच्या तोंडून ऐकलाय कधी? आपण सर्च करतो, सर्च मारतो, चेक करतो. ‘जरा डेल्व्ह मारून बघ रे’ असं म्हणणारा माणूस मला तरी कुठे दिसलेला नाही. त्यात उच्चाराची पंचाईत. वर्गात म्हणायला लावला की शेवटच्या ल आणि व्हच्या कात्रीत पोरांचे ओठ अडकायचे आणि बाहेर नुसतं ‘डेलू’ पडायचं. मागच्या बाकावरचा एक जण पुढे दहावी होईपर्यंत डेलूच राहिला.

हल्ली या शब्दाकडे लोक संशयाने बघतात. २०२४च्या एप्रिलमध्ये पॉल ग्रॅहम या गुंतवणूकदाराने जाहीर लिहिलं, की आपल्याला एका अनोळखी माणसाचा प्रस्ताव आला आणि त्यात डेल्व्ह दिसला. सूचना अशी, की हे माणसाने नाही, चॅटजीपीटीने लिहिलं असणार. त्यावर नायजेरियातले लोक खवळले. आम्ही शाळेत हेच इंग्रजी शिकलो, म्हणाले, आणि आम्ही असंच लिहितो. मला त्यांचं अगदी पटलं. साहेब गेल्यावर त्याच्या जुन्या शब्दांना इस्त्री करून कोण ठेवतं? आपणच. मी स्वतः पोरांना निबंधात ‘भारदस्त क्रियापदं’ वापरायला सांगत असे आणि त्या यादीत डेल्व्ह होता. तेव्हा पुतण्याने तो यंत्राकडून उचलला की घराण्याकडून, हे मला खात्रीने सांगता येत नव्हतं.

झोप मोडलीच होती, म्हणून शब्दकोश काढला. माझी एक खोड आहे: शब्दाचा अर्थ माहीत असला तरी मी तो कोशात बघतो, आणि मग तो सोडून शेजारचे चार वाचत बसतो. या वेळी मात्र शेजारी जायची गरज पडली नाही. डेल्व्ह म्हणजे मुळात खणणं. जुन्या इंग्रजीत डेल्फन. साधं, कुदळ-फावड्याचं, हाताला फोड आणणारं खणणं. डचांच्या भाषेत डेल्व्हन म्हणजे आजही खणणंच, आणि निळ्या नक्षीच्या मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं डेल्फ्ट हे गाव एका खणलेल्या कालव्यावरून नाव घेऊन बसलंय. पुस्तकांत, कागदपत्रांत, मनाच्या तळाशी वगैरे खणायला हा शब्द नंतर गेला. मूळचा तो चिखलातला.

१३८१ साली इंग्लंडात शेतकऱ्यांनी बंड केलं, तेव्हा जॉन बॉल नावाच्या एका पाद्र्याने लंडनजवळच्या ब्लॅकहीथच्या माळावर जमलेल्या लोकांना विचारलं होतं: आदम खणत होता आणि ईव्ह सूत कातत होती, तेव्हा सरदार कोण होता? त्यातलं ते ‘खणत होता’ म्हणजे हाच डेल्व्ह. त्याच वर्षी जुलैत सेंट ऑल्बन्सला बॉलला मारलं. प्रश्न मात्र शिल्लक राहिला. हे इतकं मातीतलं क्रियापद आता विद्यापीठाच्या अर्जात टाय लावून उभं असतं, याची मला गंमत वाटली.

मराठीही खणतेच म्हणा. आपण खोदून खोदून विचारतो. भांडणात जुनं उकरून काढतो. ‘झालं गेलं उकरू नका,’ हे आमच्या आईचं पालुपद होतं, आणि ते म्हणून झाल्यावर ती स्वतःच उकरायला बसायची. १९७२च्या दुष्काळापर्यंत हमखास पोचायची.

त्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. आमचा माणदेश तसाही पावसाला पारखा, त्या वर्षी तर आभाळाने तोंडच फिरवलं. गावातली निम्मी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. आम्हा पोरांना सुकडी मिळायची ती मला आवडायची, हे मोठ्यांसमोर बोलायची सोय नव्हती. आणि अण्णांनी त्याच वर्षी विहीर काढायला घेतली. पाणाड्याने हातातल्या काडीने जागा दाखवली होती, बांधाच्या कडेला, बाभळीखाली.

पहिली माती निघाली, मग मुरूम निघाला. तिथवर मजा होती. घमेली वर यायची, आम्ही ढिगावरून घसरत खाली जायचो. दोन परस गेल्यावर काळा खडक लागला. सुरुंग लावायचे, तेव्हा आम्हाला देवळापर्यंत पळवायचे आणि मग ‘धाम्म’ करून आमच्या पोटात काहीतरी हलायचं. दगड निघायचा, धूळ निघायची, पाणी नाही. अण्णा रोज संध्याकाळी दोराला धरून स्वतः तळाशी उतरायचे आणि हाताने दगड चाचपायचे, ओल लागतेय का ते बघायला. मी काठावर पालथा पडून खाली बघायचो. इतका मोठा माणूस तिथून एवढासा दिसायचा. एकदा मी वरून ओरडलो, ‘अण्णा, लागलं का?’ खालून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा ओरडलो. आईने मागून पाठीत धपाटा घातला.

पाच परसांवर काम थांबलं. पैसे संपले होते, आईच्या पाटल्याही. पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहिरीत वरचं पाणी साठलं, मार्गशीर्षात ते आटलं. त्यानंतर अण्णा त्या बाजूच्या शेताला नेहमी लांबच्या बांधावरून जात. जवळची वाट असताना.

मध्ययुगीन इंग्रजीतली एक जोडी कोशात त्याच नोंदीपाशी सापडली. मेलेल्याबद्दल म्हणायचे, डेड अँड डॉल्व्हन. मेला आणि पुरला. खणणं आणि पुरणं याला त्या लोकांनी एकच क्रियापद वापरलं होतं. ते वाचल्यावर कोश मिटला.

धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी ती विहीर बुजवली. ट्रॅक्टरने मुरूम आणून टाकला, वर गोठा बांधला. पुतण्या तेव्हा पुण्यात होता. त्या जागी विहीर होती एवढं त्याला माहीत असेल, बाकी कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. मीही नाही सांगितलं.

चारच्या सुमारास त्याचा पुन्हा मेसेज आला. ‘काका, तो डेल्व्ह काढला. मित्र म्हणाला एआयचा वाटतो. एक्स्प्लोर टाकलंय. चालेल ना?’

मी अंगठा पाठवला.