भीतीला काहीतरी काम द्या

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुधा याच शब्दांत येतो : ‘ताई, दहा-अकरा वर्षांची मुलं ही. त्यांना चोऱ्या, पाठलाग, भुयारं, अंधार असलं कशाला वाचायला देता? काहीतरी संस्कारांचं लिहा ना.’ विचारणाऱ्या बहुतेक आया असतात, कधी आज्या. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, जिथे जिथे मी मुलांना गोष्टी वाचून दाखवते तिथे दारात चपला घालता घालता हे विचारलं जातं. तेवढ्या वेळात याचं उत्तर देऊन होत नाही, म्हणून आज सविस्तर.

भीती मुलांपर्यंत पुस्तकातून पोचते, असं या प्रश्नात धरून चाललेलं असतं. 2024च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री फुगून शहरात शिरली, तेव्हा बडोद्यातल्या कुठल्या मुलाला त्यासाठी पुस्तक लागलं नाही. नदीतल्या मगरी वस्त्यांमध्ये आल्या. वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक त्यांना पकडून नेत होते आणि मुलं खिडकीतून बघत होती. घरातली मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती. मोठ्यांच्या हळू आवाजाइतकं मुलांना घाबरवणारं दुसरं काही नसतं.

माझ्याकडे गोष्टी ऐकायला येणारा एक मुलगा त्या दिवसांत दुसऱ्या मजल्यावर अडकला होता. वीज गेलेली. त्याच्या आजोबांनी त्याला एक वही दिली आणि सांगितलं, जिन्याच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या ते थोड्या थोड्या वेळानं वरूनच बघ आणि लिहून ठेव. पूर ओसरल्यावर तो ती वही घेऊन माझ्याकडे आला. पाणी कधी चढलं, कधी थबकलं, पहिली पायरी परत कधी दिसली, सगळं वेळेसकट लिहिलेलं. मी विचारलं, भीती वाटली का रे? म्हणाला, ‘पायऱ्या मोजत नव्हतो तेव्हा वाटायची.’

मी रहस्यकथा का लिहिते, याचं माझ्याकडे याहून नेमकं उत्तर नाही. भीती असतेच. तिच्याबरोबर करायला काहीतरी असलं की मूल ती सोसतं, आणि पुढे तर त्याला त्यात गोडी वाटू लागते. चांगली साहसकथा वाचणाऱ्या मुलाला असं काम देते. लक्ष ठेव, हे आठवून ठेव, हा माणूस आत्ता काय म्हणाला आणि मागच्या प्रकरणात काय म्हणाला होता ते जुळवून बघ. निव्वळ भयकथेत मुलाला नुसतं बसून घाबरायचं असतं. ती मी या वयाला देत नाही. दोन्ही एकाच कपाटात ठेवतात, म्हणून आयांचा गोंधळ होतो.

‘ट्रेझर आयलंड’ ही स्टीव्हन्सनची 1883 सालची कादंबरी. त्यातला जिम जहाजावर सफरचंद काढायला पिंपात उतरतो आणि आत बसलेला असतानाच त्याला बाहेर चाललेला बंडाचा कट ऐकू येतो. जहाजावर कप्तान आहे, डॉक्टर आहे, जमीनदार आहे, पण त्या क्षणी खरं काय ते फक्त एका पोराला माहीत आहे. मोठ्यांचे जीव आता त्याच्यावर अवलंबून. हे वाचताना मुलं ताठ बसतात. घरी त्यांना सगळं शेवटी कळतं, बदली झाल्याचं, आजी आजारी असल्याचं, भांडणाचं. इथे सर्वांत आधी त्यांना कळलेलं असतं. आणि कट रचणारा सिल्व्हर कोण, तर जहाजावरचा स्वयंपाकी, गोड बोलणारा, जिमला मनापासून आवडलेला माणूस. आवडणारा मोठा माणूसही वाईट निघू शकतो, ही गोष्ट मुलाला पहिल्यांदा कुठेतरी भेटणारच आहे. ती पुस्तकात भेटलेली बरी, असं मला फार वाटतं.

दुसरं उदाहरण एरिक केस्टनरच्या एमिलचं, 1929 सालच्या जर्मन गोष्टीतलं. एमिल एकटा रेल्वेनं बर्लिनला निघतो. आईनं दिलेल्या नोटा तो खिशात टाचणीनं टाचून ठेवतो. डब्यात झोप लागते आणि नोटा जातात. पुढे बर्लिनची पोरं त्या चोराचा पिच्छा पुरवतात, पण चोर बँकेत उभा राहून म्हणतो, पैसे माझे आहेत. एमिल सांगतो, नोटांना टाचणीची भोकं असतील, बघा. भोकं असतात.

ती टाचणी वाचणाऱ्यानं आधी पाहिलेली असते. लेखकानं ती डोळ्यांदेखत ठेवली आणि तिच्यावरून पुढे गेला. माझं लिहिताना निम्मं डोकं अशी टाचणी कुठे ठेवायची यातच जातं. फार उघडी ठेवली तर मुलं तिसऱ्या प्रकरणातच ओरडतात. फार दडवली तर शेवटी त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसते, आणि ती नाराजी रास्त असते. चकवलेलं मुलांना आवडतं, पण लेखकानं माहिती लपवून ठेवलेली त्यांना चालत नाही. गोष्ट संपल्यावर कितीतरी मुलं मागची पानं उलटून खात्री करून घेतात. मोठे वाचक एवढी काटेकोर तपासणी करत नाहीत.

याच कारणासाठी माझ्या गोष्टी बडोद्यात घडतात. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला फुरसुंगीचा केला आणि पुण्यात सायकलवर पळवला. भागवत स्वतः जन्मानं इंदूरचे, आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे. बडोद्याच्या मुलांना बडोद्यात धावायला का मिळू नये? जुन्या शहराच्या मधोमध मांडवीची इमारत आहे, तिच्या चार बाजूंना चार दरवाजे आहेत : लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट. पाठलागाला याहून चांगली जागा मला सांगा. चोर मांडवीखालून दिसेनासा झाला तर चारांपैकी कुठल्या वाटेनं गेला, हे ठरवायला मुलं सरसावतात, कारण त्या वाटा त्यांनी रिक्षातून, स्कूटरवर मागे बसून पाहिलेल्या असतात. मी अंतर खोटं लिहिलं तर लगेच सापडते.

शिवाय या शहराकडे स्वतःचं एक रहस्य आहे, कुठल्याही कादंबरीला पुरून उरेल असं. 1874च्या नोव्हेंबरात इथला ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर यानं पपनसाच्या सरबताचा घोट घेतला. चव बरी लागली नाही म्हणून पेला ओतून टाकला. तळाशी गाळ राहिला. तपासणीत त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, आणि हिऱ्याची पूड असल्याचं सांगितलं गेलं. आरोप खुद्द महाराज मल्हारराव गायकवाडांवर आला. 1875 साली चौकशीला सहाजणांचा आयोग बसला, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. इंग्रजांच्या मते गुन्हा सिद्ध झाला, हिंदी सभासदांच्या मते नाही. तरीही मल्हाररावांना गादीवरून काढून मद्रासला पाठवण्यात आलं, कारण दाखवलं राज्यकारभार बिघडल्याचं.

हे सांगितलं की मुलं एकदम वकील होतात. पेला कोणी भरला? गाळ कोणी उचलला? तो तपासणाऱ्यापर्यंत कोणाच्या हातून गेला? हिऱ्याची पूड करायची तर हिरा कुठून आला? एका मुलीनं विचारलं, ‘ज्याला महाराज नको होते त्यानंच गाळ टाकला नसेल कशावरून?’ दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठे वकील ज्या शंकेशी झुंजले, ती तिला दहा मिनिटांत सुचली. मी त्यांना निकाल सांगत नाही, कारण इतिहासानं तो एकमतानं दिलेलाच नाही. पण यावरून मी माझ्यापुरतं ठरवलं आहे की इतिहास अर्धा सुटलेला राहू शकतो, या वयाची कादंबरी नाही. दुःख उरलं तर उरू द्यावं, एखादा मित्र दुरावला तर दुरावू द्यावा, पण कोडं सुटलंच पाहिजे. मुलानं मान मोडून काम केलं आणि आपण शेवटी खांदे उडवायचे, हे मला पटत नाही.

आणि या प्रकरणाचा पुढचा भाग तर थेट माझ्या वाचकांच्या वयाचा आहे. मल्हाररावांच्या जागी नाशिककडच्या कवळाणे गावातून एक मुलगा आणून दत्तक घेतला, तो गोपाळराव, वय वर्षं बारा. तोच पुढे सयाजीराव झाला. बारा वर्षांचं पोर एका परक्या वाड्यात, जिथे नुकताच विषप्रयोगाचा खटला गाजलेला. त्याला पहिल्या रात्री झोप लागली असेल का, हा मुलांचा ठरलेला प्रश्न.

त्याच सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी करायला घेतली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, उजेड वरून खालपर्यंत झिरपावा म्हणून. मी ती पाहिली त्या दिवशीच माझ्या मनात कथानक सुरू झालं : खालच्या मजल्यावर पुस्तक शोधणारी मुलगी, आणि डोक्यावरच्या काचेत दोन पावलांची सावली, ग्रंथालय बंद व्हायच्या वेळेला. यात भूत नाही, रक्त नाही. हे ऐकून कोणी घाबरून रडलं नाही. पण सगळ्यांनी आधी वर पाहिलं.

भुताचा विषय निघालाच आहे तर, कमाटीबागेतल्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे आणि निळ्या देवमाशाचा अवाढव्य सांगाडाही. ममी रात्री उठते अशी गोष्ट लिहा, असा आग्रह मुलं दरवेळी करतात. मी ममीभोवती गोष्ट लिहीन, ममी उठवणार नाही. तसं केलं की टाचणी शोधण्यात काही अर्थ राहत नाही, काहीही होऊ शकतं. कोणीतरी ममी उठल्याची अफवा मुद्दाम पसरवतं, आणि का, हे शोधून काढण्यात खरी मजा आहे.

मोठ्यांना बाजूला कसं करायचं, ही या प्रकारातली सर्वांत अवघड गोष्ट. आईबाप घरात असले की साहस होत नाही, आणि दर पुस्तकात मुलांना अनाथ करणं मला जमत नाही. इथे बडोदं मदतीला येतं. नवरात्रात अर्धं शहर रात्री उशिरापर्यंत गरब्यात असतं, मुलंही. रात्री अकराला बारा वर्षांची मुलगी मैत्रिणींबरोबर बाहेर आहे, याचं कोणालाच आश्चर्य वाटत नाही. उत्तरायण तर त्याहून चांगलं. 14 जानेवारीला आणि दुसऱ्या दिवशी वाशी उत्तरायणाला सगळं गाव गच्चीवर असतं आणि आकाशाकडे बघत असतं. मग खाली गल्लीत कोण बघतंय? जुन्या वस्तीत गच्च्या एकमेकींना लागून आहेत. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाणारा माणूस त्या दिवशी कोणाच्याही नजरेत येत नाही, पतंगामागे धावतोय म्हणतील. आईबाप चार हातांवर उभे आहेत, फिरकी धरून, आणि तरीही सापडत नाहीत.

मोबाइलची अडचण लोक समजतात तेवढी मोठी नाही. या वयाच्या बऱ्याच मुलांकडे स्वतःचा फोन नसतो. असला तरी फोटो काढता येतो, पण त्यावर विश्वास ठेवणारा मोठा माणूस मिळायला हवा.

मराठीबद्दलही विचारता. इथली मुलं घरी मराठी बोलतात, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी. देवनागरी त्यांना हिंदीच्या तासाला भेटते. त्यामुळे मराठी पुस्तक हातात घेतलं की पहिली दोन पानं ओळीवर बोट ठेवून वाचतात, जोडाक्षराला अडतात. पाठलाग सुरू झाला की ते बोट सुटतं. मी हे समोर बसून पाहते, आणि दरवेळी मला तेवढाच आनंद होतो. वाक्यं लहान ठेवते, प्रकरणं लहान ठेवते, पण शब्द मुद्दाम सोपे करत नाही. पळणाऱ्या माणसामागे पळताना मूल एखादा अनोळखी शब्द सहज ओलांडून जातं आणि नंतर मागे येऊन विचारतं.

आता संस्कार. माझ्या एका गोष्टीत मुलीला कळतं की चोरीत तिच्या जिवलग मैत्रिणीचा दादा आहे. सांगायचं की नाही, यावर तिचं एक अख्खं प्रकरण जातं. ते वाचून झाल्यावर मुलं आपापसात जेवढं भांडली तेवढी खलनायकावरून कधीच भांडली नव्हती. मी मध्ये पडले नाही.

तुमचं मूल खरंच घाबरत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. काही मुलांना अंधाराच्या वर्णनानंही त्रास होतो. त्यांना दिवसा वाचू द्या. शेवटचं पान आधी वाचायचं म्हटलं तर खुशाल वाचू द्या. शेवट कळल्यानं गोष्ट बिघडत नाही, आपला माणूस सुखरूप आहे हे माहीत झालं की ते मूल निवांतपणे खुणा शोधायला लागतं. जवळ वही-पेन्सिल ठेवा, संशयितांची नावं लिहायला सांगा. आणि रात्री तुम्ही वाचून दाखवणार असाल, तर प्रकरणाच्या शेवटी थांबू नका, मध्येच कुठेतरी थांबा. प्रकरणाचा शेवट आम्ही पान उलटायला लावण्यासाठीच लिहिलेला असतो, त्यावर दिवा मालवला तर झोप येणार नाही. मधल्या एखाद्या जेवणाच्या, नाहीतर सायकल पंक्चर झाल्याच्या जागी पुस्तक मिटा.