सेरेंगेटीचा पाऊस : वर्षाची बेरीज बाजूला ठेवा

टांझानियातल्या सेरेंगेटीत सरासरी पाऊस किती, हा प्रश्नच थोडा फसवा आहे. आग्नेयेकडच्या आखूड गवताच्या मैदानांवर वर्षाला जेमतेम 500 मिमी पडतो आणि मारा नदीच्या बाजूला 1,000 मिमीच्या वर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोटा पाऊस, मार्च ते मे मोठा पाऊस, जून ते ऑक्टोबर कोरडा. तिथल्या सुमारे 13 लाख वाइल्डबीस्टचं (कळपाने चरणाऱ्या मोठ्या कुरंगांचं) भवितव्य ठरतं ते या कोरड्या पाच महिन्यांतल्या चुकार सरींवर.

ओल्या महिन्यांत चारा कळपांना संपता संपत नाही. जूननंतर गवत वाळतं आणि त्यातली प्रथिनं घटतात, त्यामुळे पोट भरूनही जनावर खंगत जातं. सप्टेंबरात एखादी बरी सर झाली तर कोवळा फुटवा येतो आणि तेवढ्यावर हजारो जीव तगतात. मेलेलं जनावर उपासमारीचं होतं का, हे बघायला संशोधक त्याचं लांब हाड फोडतात. आतला मगज पांढरा आणि घट्ट असेल तर अंगात चरबी शिल्लक होती. तो अर्धपारदर्शक, जेलीसारखा झाला असेल तर जनावर आधीच संपत आलं होतं, मग शेवटी धरलं सिंहाने असो की तरसाने.

बुळकांडी (रिंडरपेस्ट, गुरांचा साथीचा रोग) हटल्यावर 1961 ते 1977 या काळात वाइल्डबीस्ट अडीच लाखांवरून 13 लाखांपुढे गेले. त्यात सत्तरीच्या सुरुवातीला कोरड्या महिन्यांत झालेल्या जादा पावसाचाही हात होता. 1993 च्या अवर्षणात हाच आकडा 10 लाखांच्या खाली आला.

पण त्या अवर्षणाचा सगळ्यात विचित्र फटका पाऊस परतल्यावर बसला, आणि तोही सिंहांना. रानम्हशी वाइल्डबीस्टसारख्या दूरवर जात नाहीत, त्या जिथल्या तिथे खंगल्या. पाऊस आला तशी गोचीड फोफावली आणि या अशक्त म्हशींच्या अंगावर तिचा थर साचला. आयती शिकार म्हणून सिंहांनी त्यांच्यावर ताव मारला आणि गोचिडीतून बबेसिया हा रक्तातला परजीवी सिंहांत शिरला. (आपल्याकडे गाईंना होणारा गोचीड ताप याच्याच भावकीतला.) एरवी सिंह तो सहज पचवतात. नेमकी त्याच वेळी कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूची साथ आली. हा विषाणू प्रतिकारशक्ती दडपतो, त्यामुळे बबेसियाला रान मोकळं मिळालं. 1994 मध्ये सुमारे 1,000 सिंह दगावले, म्हणजे तिथल्या दर तिघांतला एक. डिस्टेंपर त्याआधीही येऊन गेला होता, पण रक्ततपासणीखेरीज कळलंही नसतं इतका गुपचूप. 2001 मध्ये शेजारच्या न्गोरोंगोरोत अवर्षण, गोचीड आणि विषाणू पुन्हा एकत्र आले आणि पुन्हा सिंह मेले.

जास्त पाऊस म्हणजे सुबत्ता, असंही नाही. उंच वाढलेलं राठ गवत चरून संपत नाही, मग कोरड्या महिन्यांत त्याचंच सरपण होतं आणि वणव्यात रोपटी जळतात. वाइल्डबीस्ट वाढले तेव्हा गवत पोटात गेलं, वणवे घटले आणि झाडं परत आली.

अल निनो म्हटलं की आपल्याला मान्सूनची धास्ती वाटते, तर पूर्व आफ्रिकेत त्याने बहुतेकदा छोटा पाऊस वाढतो. त्याला हिंदी महासागराच्या तापमानातल्या चढउताराची जोड मिळाली की अतिवृष्टी होते. 1997 च्या अखेरीस तसंच झालं होतं.

वाइल्डबीस्टला विणीची वेळ फारशी पुढेमागे करता येत नाही. माज मे-जूनचा, गाभणकाळ आठ महिन्यांचा, आणि बहुतेक वासरं फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. पाऊस लांबला तरी वासरं थांबत नाहीत, आणि आईला दूध उतरत नाही. मोठी जनावरं मात्र पावसामागे चालत राहतात. उत्तरेला त्यांचा शेवटचा आधार मारा नदी, कारण कोरड्या महिन्यांत दिवसा-दोन दिवसांआड पाणी लागतंच. ती नदी केनियातल्या माऊ डोंगरांतून येते आणि तिथलं जंगल कित्येक दशकं तुटत आलं आहे.