ग्राहकाची सवय आणि दुकानाचे काम

किरकोळ विक्रीच्या भवितव्याची चर्चा निघाली की दुकानांचे दिवस आता भरले, असे सरसकट म्हटले जाते; मला ते पटत नाही. आजचा ग्राहक एकाच खरेदीसाठी दुकान आणि मोबाइल अशा दोन्ही ठिकाणी वावरतो. वस्तू दुकानात हाताळून पाहतो, तिथेच उभ्याउभ्या मोबाइलवर ती इतरत्र केवढ्याला मिळते ते तपासतो, घरी जाऊन मागणी नोंदवतो आणि पसंत पडली नाही तर जवळच्या शाखेत परत करतो. ही सवय आहे तशी स्वीकारून, आपल्या दुकानाने आता कोणते काम करायचे हे ज्या ब्रँडनी नव्याने ठरवले, त्यांचाच पुढे निभाव लागला, असे माझे मत आहे.

बेस्ट बाय या अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या साखळीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २०१२ मध्ये ही कंपनी फार अडचणीत होती, कारण लोक तिच्या दालनात टीव्ही पाहून जात आणि विकत मात्र ॲमेझॉनवरून घेत. त्या वर्षी यूबेर जोली यांनी सूत्रे हाती घेतली आणि पहिले काही दिवस मुख्यालयात न बसता एका शाखेत कर्मचाऱ्यांबरोबर काम केले. पुढे ऑनलाइन स्पर्धकाच्या किमतीलाच माल देण्याचे धोरण कायम करण्यात आले, त्यामुळे दालनात आलेल्या ग्राहकाला रिकाम्या हाताने परतण्याचे मोठे कारण उरले नाही. सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या उत्पादकांना दालनातच स्वतंत्र जागा देण्यात आल्या आणि ऑनलाइन मागण्यांचा माल शाखांमधून रवाना होऊ लागला. नुसते पाहून जाणाऱ्या ग्राहकांवर चरफडत बसण्याऐवजी त्यांच्या पाहण्यालाच व्यवसायात स्थान दिले गेले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

टार्गेट या अमेरिकेतील मोठ्या दुकानसाखळीने हाच विचार आणखी पुढे नेला. २००१ ते २०११ या काळात या कंपनीचे संकेतस्थळ ॲमेझॉनच्या यंत्रणेवर चालत होते. नंतर तिने ते काम स्वतःकडे घेतले, २०१७ मध्ये जुन्या दुकानांच्या नूतनीकरणासह अब्जावधी डॉलरची योजना जाहीर केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस घरपोच सेवा देणारी शिप्ट ही कंपनी ५५ कोटी डॉलरना विकत घेतली. योजना जाहीर झाली त्या दिवशी शेअर बाजारात टार्गेटचा भाव कोसळला होता. आज मात्र तिच्या विक्रीतील बहुतांश माल, ऑनलाइन मागणीचा धरूनसुद्धा, दुकानांतूनच ग्राहकापर्यंत जातो. वस्तीजवळचे दुकान हेच सर्वांत जवळचे गोदाम ठरते, हा त्यामागचा साधा हिशेब आहे. बॉर्डर्स या पुस्तकविक्रेत्या साखळीनेही २००१ मध्ये आपली ऑनलाइन विक्री ॲमेझॉनकडे सोपवली होती. ती परत हाती घेईपर्यंत २००८ उजाडले आणि २०११ मध्ये तिची दुकाने बंद झाली. या कंपनीवर कर्जाचाही बोजा होता, हे खरे. पण वाचक कोणती पुस्तके शोधतो आणि कोणती विकत घेतो, ही ओळख त्या वर्षांत दुसऱ्याकडे जमा होत राहिली, हे नुकसान मला अधिक मोठे वाटते.

बदल केला म्हणजे तो ग्राहकाच्या सवयीला धरून असतोच, असे नाही. ॲपलच्या दुकानांना नावारूपाला आणणारे रॉन जॉन्सन २०११ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे प्रमुख म्हणून आले आणि पुढल्या वर्षी त्यांनी कूपन व वारंवार लागणारे सेल बंद करून सरळ कमी किंमत लावली. हिशेबाने ते प्रामाणिक धोरण होते. परंतु सवलत मिळवल्याचे समाधान हा तेथील ग्राहकाच्या खरेदीचाच भाग होता, आणि २०१२ या एका वर्षात कंपनीची विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घटली. नायकेची चूक निराळ्या प्रकारची होती. थेट ग्राहकाला विकण्याच्या ओढीने तिने अनेक विक्रेत्यांशी संबंध तोडले आणि २०१९ मध्ये ॲमेझॉनवरील थेट विक्रीही थांबवली. पण अनेक ब्रँडचे जोडे शेजारी मांडून, पायात घालून निवडण्याची लोकांची सवय तशीच राहिली, आणि मोकळ्या झालेल्या फळ्यांवर इतर ब्रँड आले. २०२३ पासून नायके काही जुन्या विक्रेत्यांकडे परतली.

माल परत करण्याच्या बाबतीत सवय ब्रँडनीच लावली आहे. मोफत परतीच्या आश्वासनामुळे एकाच कपड्याचे दोन-तीन आकार मागवून एक ठेवण्याची पद्धत रूढ झाली. परत आलेला प्रत्येक कपडा तपासणे, घडी घालणे आणि पुन्हा विक्रीस ठेवणे यांचा खर्च मोठा असतो. झारा या कपड्यांच्या ब्रँडने २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये टपाल केंद्रांतून परत येणाऱ्या ऑनलाइन मालावर शुल्क लावले, दुकानात आणून दिल्यास मात्र ते आकारले नाही. मला हा मार्ग योग्य वाटतो, कारण त्यात ग्राहकाचा परत करण्याचा हक्क कायम राहतो आणि कपडा परत द्यायला आलेला माणूस दुसरा पाहूनही जाऊ शकतो.