नवरा चालवतो तेव्हा मी झोपते (आणि उलट)

लांब पल्ल्याचा ट्रक आम्ही नवराबायको मिळून चालवतो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चोवीस तास एकमेकांसमोर? भांडत नाही का?" अहो, एकमेकांसमोर असतो कुठे? एक जण स्टिअरिंगवर असतो तेव्हा दुसरा मागे पडद्याआड घोरत असतो. गाडीवर दोन ड्रायव्हर ठेवतात ते मुळात त्याचसाठी, गाडी थांबू नये म्हणून. एकटा ड्रायव्हर अमेरिकेतल्या नियमात राहून दिवसाला ढोबळमानाने हजारेक किलोमीटर मारणार, मग त्याला झोपावं लागतं आणि तो झोपला की मालही झोपतो. दोघं असले की तीच गाडी दीडपट, कधी त्याहून जास्त जाते. म्हणून नाशवंत माल, औषधं, आज भरला आणि परवा पोचलाच पाहिजे असले लोड टीमला मिळतात. म्हणजे पार्टी पैसे मोजते ते आमच्या ड्रायव्हिंगचे कमी आणि आळीपाळीने झोपण्याचे जास्त, असं माझं मत. नवऱ्याला हे पटत नाही, त्याला वाटतं त्याच्या रिव्हर्सचे मोजतात.

तर आज झोपेवरच लिहिते. रस्ते, डोंगर, सूर्योदय वगैरे फोटो सगळेच टाकतात, झोपेबद्दल कोणी बोलत नाही आणि नवीन जोड्या सोडून जातात त्या बहुतेक वेळा झोपेपायीच.

चालत्या ट्रकच्या बर्थवर झोपणं म्हणजे ट्रेनमधल्यासारखं असेल असं लोकांना वाटतं. नाही हो. ट्रेनला रूळ असतात, एक लय असते. ट्रकमध्ये रस्त्याचा प्रत्येक जोड पाठीला कळतो, पुलावर चढताना एक दणका आणि उतरताना दुसरा, आणि गाडी रिकामी असेल तर विचारूच नका, लोडेड गाडी बसून चालते, रिकामी नाचते. बर्थला पुढून एक जाळी असते, झोपताना ती दोन्हीकडून अडकवायची, म्हणजे जोरात ब्रेक लागला तर झोपलेला माणूस थेट पुढच्या काचेकडे जात नाही. सुरुवातीला मला त्या जाळीत कोंडल्यासारखं व्हायचं, आता ती लावल्याशिवाय डोळाच लागत नाही. आणि ट्रेलर रेफ्रिजरेटेड असेल तर त्याचं कूलिंग युनिट बरोब्बर आपल्या डोक्यामागे, ट्रेलरच्या तोंडावर. ते सतत चालू असेल तर एक वेळ बरं, त्या घरघरीची सवय होते, पण फ्रोझन मालाला बऱ्याचदा ते बंद-चालू मोडवर ठेवतात आणि मग बंद झालं की शांततेने जाग येते, चालू झालं की आवाजाने. शांततेने जाग येते हे कोणाला सांगून पटत नाही.

काही महिन्यांनी कान इतके तयार होतात की झोपेतही बाहेर काय चाललंय ते कळतं. एक्झॉस्ट ब्रेकचा घर्र्र आवाज आला की घाट उतरतोय. इंडिकेटरची टिकटिक आणि गिअर उतरायला लागले की डिझेल किंवा टॉयलेट. एअर ब्रेकचा फुस्स आला आणि मागोमाग सगळं शांत, म्हणजे थांबलो. या सगळ्यात झोप मोडत नाही, कूस बदलली की झालं. पण रस्त्याच्या कडेला ज्या खरखरीत पट्ट्या कोरलेल्या असतात, त्यांच्यावरून चाक गेलं की मी जाळीसकट उठून बसते! एकदाच वाजलं तर समजायचं वाऱ्याने ढकललं असेल, थोड्या वेळात परत वाजलं तर आतूनच ओरडायचं, "अरे, बाजूला घे गाडी, मी येते." यावर वाद नाही. "मी ठीक आहे गं" हे उत्तर आमच्याकडे चालत नाही, त्यालाही आणि मलाही, कारण झोप अनावर झालेला माणूस आपण ठीक आहोत असंच सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये छापलं होतं की सलग १७ तास जागा असलेला माणूस साधारण रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागायला लागतो, म्हणजे बऱ्याच देशांत दारू पिऊन गाडी चालवण्याची जी लिमिट आहे तेवढा. आणि लोडेड ट्रक ताशी १०५ च्या स्पीडला असेल तर थांबायला १६० मीटरच्या आसपास लागतात, कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि पुरता जागा असलेला ड्रायव्हर धरून.

म्हणून मी म्हणते की टीममध्ये चांगला ड्रायव्हर कोण ते ठरवायचा हक्क फक्त मागे झोपलेल्याला. स्पीड, ॲव्हरेज, वेळेत पोचणं हे सगळं ऑफिस बघतं, पण ब्रेक हलका मारतो का, वळणाआधी स्पीड कमी करतो की वळणात, सिग्नल लांबून बघून ॲक्सिलरेटर सोडून देतो का, फोनवर जोरजोरात बोलतो का, हे पाठीलाच कळतं. आमचा नवरा माणूस तसा फुलं-बिलं आणणाऱ्यातला नाही, वाढदिवस मीच आठवण करून देते, पण मी मागे असले की खराब रस्त्यावर हा गाडी अशी काही नेतो की टेबलावरची पाण्याची बाटली पडत नाही. मला पुरतं तेवढं.

भांडतो, अर्थातच भांडतो. पण गाडी चालू असताना भांडायचं नाही हा नियम, आणि तो कुठल्या प्रेमातून वगैरे आलेला नाही, शुद्ध हिशोबातून आलाय. रागावलेला माणूस बर्थवर जाऊन छताकडे बघत पडतो आणि सहा तासांनी तोच न झोपलेला माणूस स्टिअरिंगवर येतो. त्यामुळे सगळी भांडणं डॉकवर, म्हणजे गोदामात माल चढवायच्या-उतरवायच्या फलाटावर. माल उतरवायला नंबर लागलेला असतो, तासन्‌तास काही काम नसतं, तिथे सावकाश, मुद्देसूद, मागच्या आठवड्यापासूनचं सगळं काढून भांडायचं. कधीकधी नंबर लवकर लागतो आणि भांडण अर्धवट राहतं, ते पुढच्या डॉकला.

डॉकचा विषय निघालाच आहे तर, झोपेचा सगळ्यात मोठा चोर रस्ता नाही, डॉक आहे. रस्त्यावर किमान ठरलेलं असतं की पाच-सहा तास याचे, मग पाच-सहा तास माझे. डॉकवर मात्र अपॉइंटमेंट सकाळची आणि नंबर दुपारी, आणि कधी बोलावतील याचा नेम नाही म्हणून दोघंही अर्धवट जागे. मग रात्री गाडी निघते तेव्हा दोघंही थकलेले, टीमचा फायदाच गेला. शिवाय पैसे बऱ्याच ठिकाणी चाललेल्या अंतरावर मिळतात, थांबलेल्या तासांचे नाहीत किंवा मिळाले तर अगदीच किरकोळ. एका गोदामात तर केबिनचं दार ठोकून उठवलं आणि सांगितलं की "अजून तासभर लागेल." बरं!

आता आम्ही डॉकवर जायच्या आधीच ठरवतो की इथे कोण जागणार. जो जागणार तो एकटा कागदपत्रं बघणार, दाराची ठकठक ऐकणार, ऑफिसचे फोनही त्याच्याकडे. दुसऱ्याचा फोन सायलेंट नाही, बंद. सायलेंट फोन माणूस उघडून बघतोच.

गाडी हातात देण्याघेण्याचंही एक तंत्र आहे. गाढ झोपेतून उठून लगेच स्टिअरिंगवर बसायचं नाही. उठल्यावर डोकं पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास जड असतं, आपण जागे झालोय असं वाटतं पण हातपाय अजून झोपेतच. म्हणून आधी उठायचं, तोंड धुवायचं, खाली उतरून गाडीला एक चक्कर मारायची. टायर, लाइट, मागच्या दाराचं सील, ट्रेलरचं टेंपरेचर. मग मोजकं बोलणं:

"उजवीकडचा मागचा टायर बघ गं, मला जरा शंका येतेय."

"बघितला. ठीक आहे. झोप तू."

"पुढे वारा आहे. पुलावर सांभाळून."

"हो रे. झोप."

दिवसातलं आमचं अर्धंअधिक संभाषण एवढंच आणि असंच असतं, बाकी मग पुढच्या बदलीला. पहाटेचे दोन ते सहा सगळ्यात वाईट, त्या वेळी शरीर झोप मागतंच, कितीही झोप काढलेली असो. ती पाळी आमच्यात मी घेते. मी जन्माची निशाचर आहे आणि हा दहा वाजले की माना टाकतो. एकाला रात्र आवडणं आणि दुसऱ्याला सकाळ, हे नशीब. दोघं सकाळची माणसं असती तर आम्ही हा धंदा केला नसता.

नियमांचं सांगायचं तर देशागणिक चित्र वेगळं. अमेरिकेत १० तास सुट्टी झाल्यावर ११ तास चालवता येतं, चालत्या गाडीच्या बर्थवरची झोप विश्रांतीत धरतात, म्हणून तिथे टीमची गाडी जवळजवळ अखंड पळते. युरोपात गाडी उभी असेल तरच ती रोजची विश्रांती, दोन ड्रायव्हर असले तरी ३० तासांच्या आत दोघांनाही ९ तास गाडी उभी करून झोपावं लागतं, आणि आठवड्याची मोठी ४५ तासांची विश्रांती केबिनमध्ये घ्यायला बंदीच आहे. भारतात १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ सांगायचा, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या लेबर कोडने घेतली, पाळायचे किती ते ज्याने त्याने बघावं. मला विचाराल तर उभ्या गाडीतल्या झोपेची सर चालत्या गाडीतल्या झोपेला नाही, युरोपवाल्यांचं बरोबर आहे. पण अमेरिकेच्या नियमात एक गोष्ट मला फार आवडते, २०२० पासून तिथे बर्थवर सलग ७ तास काढले की त्याला जोडून ३ तासांपर्यंत चालत्या गाडीत शेजारच्या सीटवर बसलेलं विश्रांतीत धरतात. आधी ते २ तास होते. म्हणजे नवराबायकोने शेजारी बसून गप्पा मारायचे तास सरकारने एकाने वाढवले, हेतू अर्थात तो नसणार.

आणि हे नवराबायकोचं ट्रकिंग आजकालचं फॅड आहे असं समजू नका. टेक्ससमध्ये लिली ड्रेनन नावाच्या बाईने १९२८ मध्ये नवऱ्याबरोबर ट्रकचा धंदा काढला होता. तिला ऐकू कमी यायचं म्हणून लायसन्स द्यायला तिथले अधिकारी का-कू करत होते, ते तिने १९२९ मध्ये भांडून मिळवलं. त्याच वर्षी घटस्फोटही झाला आणि धंदा बाईकडे राहिला. मी ही गोष्ट नवऱ्याला अधूनमधून सांगत असते.

आम्हालाही दोघांनी मिळून हे करायचंय, काय करू, असं विचारणारे बरेच असतात. लायसन्स, ट्रेनिंग, पैसे हे सगळं नंतर. आधी कोणाच्या तरी ओळखीने एक लांबची ट्रिप नुसते पाहुणे म्हणून करा, विमा आणि कंपनी परवानगी देत असेल तरच, आणि दोघांनीही चालत्या गाडीत बर्थवर एकेक पूर्ण रात्र झोपून बघा. एकाला झोप लागली आणि दुसऱ्याला नाही, तर ज्याला नाही लागली त्याच्या मताने निर्णय घ्या. सवय होईल म्हणून ढकलू नका. काहींना होते, माझ्या ओळखीतल्या एका चांगल्या ड्रायव्हरणीला वर्षभर प्रयत्न करूनही झाली नाही, दुसरं कोणी चालवत असलं की तिचा पाय बर्थवर पडल्या पडल्या ब्रेक शोधायचा. ती आता एकटी गाडी चालवते, नवरा दुसरी गाडी, आणि सुट्ट्या जुळवून घेतात. मजेत आहेत दोघं.