बादलीचे तोंड

आठवीत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला नाव द्यायला मी रांगेत उभा होतो, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "याचा हात वळत नाही, हा कशाला बसतोय?" मला राग आला नाही, कारण ते खरे होते. आमच्या वर्गात चित्रकला येणारे आणि न येणारे अशा दोन जाती होत्या आणि मी दुसऱ्या जातीत आहे, हे घरीदारी सर्वांनी मान्य केले होते. चित्रकलेच्या सरांनी मात्र काही न विचारता नाव लिहून घेतले.

शाळा सुटल्यानंतरच्या त्या जादा तासांपैकी मला आठवतो तो वस्तुचित्राचा पहिला तास. टेबलावर निळे फडके, त्यावर पत्र्याची बादली आणि शेजारी दोन वांगी. मी काढलेल्या बादलीचे तोंड चांगले वाटोळे गरगरीत होते आणि बूड पट्टीने आखल्यासारखे सरळ. सरांनी खोडरबर उचलला नाही. त्यांनी मला आधी बाकावर उभे केले, मग टेबलासमोर उकिडवे बसवले आणि बादलीचे तोंड डोळ्यांच्या रेषेत येऊन त्याची नुसती आडवी रेघ होईपर्यंत मान हळूहळू खाली न्यायला लावली. "तोंड कुठे गेले?" त्यांनी विचारले. मग त्यांनी समजावले, की गोल कड डोळ्यांच्या पातळीपासून जितकी खाली जाईल तितकी ती अधिक उघडी दिसते. म्हणून बुडाची कड तोंडाच्या मानाने जास्त फुगीर हवी, आणि मी नेमके उलटे केले होते. "बादली टेबलावर सपाट बसते हे तुला ठाऊक आहे, म्हणून तू बूड सपाट काढलेस. ठाऊक असलेले काढू नकोस, बघ आणि काढ."

पुढचे काही आठवडे मी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लंबवर्तुळे काढत होतो, कारण ड्रॉइंग पेपर त्यासाठी वाया घालवणे आमच्या घरी परवडणारे नव्हते. सुरुवातीला त्यांची टोके होडीसारखी निमुळती होत. मनगटाऐवजी खांद्यापासून हात फिरवायचा, टेकवण्यापूर्वी पेन्सिल दोन-तीनदा हवेतच फिरवून घ्यायची आणि झाल्यावर कागद उलटा धरून कुठली बाजू कलली आहे ते पाहायचे, एवढ्या तीन गोष्टी सरांनी सांगितल्या होत्या. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत उंची-रुंदीचे माप घेण्याची सवयही त्याच दिवसांतली.

माझ्या बाकावरचा मित्र यातले काहीच करत नसे. तो सरळ रेषा ओढी आणि ती जागेवर बसे. त्याला देवाची देणगी आहे असे आम्ही समजत होतो, ते मी त्याच्या घरी जाईपर्यंत. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. पडवीत खडूचा दोरा मारून आखलेला एक बोर्ड उभा होता, आणि हा मनगटाखाली काठी धरून अक्षरांच्या कडा भरत होता. पाचव्या वर्षापासून तो हे करत आला होता, पण शाळेत त्याने ते कधी सांगितले नव्हते. बहुधा त्याला ते सांगण्यासारखे वाटलेच नसावे.

आम्ही कोल्हापूरची मुले, त्यामुळे इथलेच चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचे उदाहरण कोणीतरी देणारच. ते कुठल्या कलाशाळेत गेले होते, असे एका पालकांनी सरांना विचारल्याचे मी स्वतः ऐकले आहे. सर म्हणाले, की १८९० साली ते जन्मले ते कारागिराच्या घरात, आणि पुढे नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एवढा मोठा पडदा ज्याने रंगवला, तो शिकला नाही असे कसे म्हणायचे? कोल्हापूरचेच चित्रकार आबालाल रहिमान तर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रीतसर शिकून आले होते, तरीही इथल्या कोटितीर्थ तळ्याचे पाणी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले, हेही सरांनी त्याच दमात सांगितले.

एलिमेंटरीला मला 'क' श्रेणी मिळाली, पुढच्या वर्षी इंटरमीजिएटला 'ब'. मित्राला दोन्ही वेळा 'अ'. स्थिरचित्रात माझे छायाप्रकाश बरे उतरले, पण स्मरणचित्रातली माणसे शेवटपर्यंत लाकडीच राहिली. पुढे वनस्पतिशास्त्र शिकवताना खोडाचा आडवा छेद फळ्यावर काढला, की विद्यार्थी म्हणत, "सर, तुम्हाला उपजतच येत असेल." तेव्हा मला ते पाठकोरे कागद आठवत.

तरीही सगळे श्रेय सरावाला देऊन मोकळे होणे मला जमत नाही. मित्राचा थोरला भाऊ त्याच पडवीत, त्याच डब्यांमध्ये वाढला, वडिलांनी त्यालाही काठी-ब्रश दिला होता, आणि त्याच्या हातून एक अक्षर धड उतरले नाही. शिवाय मित्राच्या रेषेत जो बेफिकीर डौल होता, तो हजारभर लंबवर्तुळांनंतरही माझ्या हाताला आला नाही. मला बिनचूक काढता आले, त्याच्यासारखे नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या बैठकीसाठी गेल्या महिन्यात शाळेत आलो, तेव्हा चित्रकलेच्या खोलीत डोकावलो. कपाटावर तीच बादली होती, काठाशी पोचे आलेली, कडी गंजलेली. शिपाईमामांना विनंती करून ती खाली काढून टेबलावर ठेवली. गुडघे कुरकुरले, पण उकिडवा बसलो आणि तोंडाची रेघ होईपर्यंत मान खाली नेली.