शनिवारचं पोटदुखणं

आठवी-नववीत माझं पोट फार दुखायचं. आईने ओवा चावायला दिला, बेंबीला हिंग लावला, डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. शाळा बुडवायचं निमित्त, असंही घरात बोललं जाई. पण मला तर शाळा आवडायची! शेवटी हे दुखणं पकडलं ते गणिताच्या बाईंनी. घटक चाचण्या शनिवारी असत आणि मी नेमकी शनिवारीच पोट धरून यायचे. बाईंनी एवढंच विचारलं, "मे महिन्यात दुखतं का गं?" नाही दुखायचं.

मग त्यांनी खोदून खोदून विचारलं. तळहातांना घाम सुटून अक्षरांची शाई फिसकटायची. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचूनही डोक्यात शिरत नसे. शेजारणीने पुरवणी मागितली की छातीत धडधड. आणि पेपर देऊन जिना उतरताना सगळी उत्तरं भराभर आठवत. हे शेवटचं ऐकून बाई म्हणाल्या, "म्हणजे अभ्यास झालाय. अडवतेय ती भीती." अभ्यास झालाच नसता तर त्यांनी वेगळंच औषध दिलं असतं, याबद्दल मला शंका नाही. तोवर "घाबरू नकोस" हे सगळेच सांगत. त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

बाईंनी घाबरायची मुभा दिली आणि परीक्षेचीच सवय लावली. दहावीत, शाळा सुटल्यावर, प्रयोगशाळेत बसवायच्या. बोर्डाची जुनी प्रश्नपत्रिका, समोर घड्याळ, आणि पर्यवेक्षक म्हणून मुद्दाम दुसऱ्या तुकडीचे सर, ज्यांच्या बुटांच्या करकरीनेच जीव वर-खाली व्हायचा. उत्तरपत्रिका मिळताच शेवटच्या पानावर 'कच्चे काम' लिहून सूत्रं उतरवून टाकायची. हातचा धरायला मनात जी थोडकी जागा असते तीच काळजी अडवून बसते, हे त्यामागचं कारण. आधी येणारा प्रश्न घ्यायचा, मग बाकीचे. अडलं की पेन खाली ठेवून श्वास सावकाश सोडायचा. पेपर सुटल्यावर फाटकापाशी उत्तरं पडताळत उभं राहायचं नाही. हा नियम सर्वांत अवघड.

बोर्डात भूमितीच्या पेपरला पोट दुखलंच. पण प्रमेय पुरं झालं.

पुढे मानसशास्त्र शिकवायला लागल्यावर वाचनात आलं, की २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात रामिरेझ आणि बायलॉक या संशोधकांचे प्रयोग छापून आले. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली धास्ती कागदावर उतरवणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांचे पेपर बरे गेले होते. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं, पण सूत्रंही लिहायला सांग."

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेकडे एकच मागणं आहे. जानेवारीपासून दहावीच्या मुलांसाठी शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी ठेवा. अनोळखी पर्यवेक्षक हवेत, ते आम्ही माजी विद्यार्थी पुरवू. यादीत माझं नाव आत्ताच लिहून घ्या. करकरणारे बूट मी आणते.